नऊ धड्यांची अक्षरं

आमच्या प्रौढ शिक्षण मंडळाचा इतिहास मी आजवर दोनदा लिहिला आहे. एकदा रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत आणि एकदा नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला. दोन्ही वेळा पळसदेवच्या बाजूला चालवलेल्या एका महिला वर्गाबद्दल मी एकच वाक्य लिहिलं, ‘येथील बाराही भगिनी उत्तीर्ण झाल्या.’ तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तेव्हा मी टाळत राहिलो. या अंकाच्या संपादकांना पहिल्या वर्षी मोतीबिंदूचं कारण सांगितलं, दुसऱ्या वर्षी मुलीकडे जायचं आहे म्हणालो. मोतीबिंदू काढून बरेच दिवस झाले. आता जे सांगतो ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

मंडळ सुरू झालं ते बारामतीत एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. खाली करवत चालायची, वर हमाल, गवंडी, भाजीवाल्या पाटीवर अक्षरं काढायचे. करवतीचा आवाज फार वाढला की शिकवणारा थांबायचा आणि सगळे मिळून पाट्यांवरचा भुसा फुंकायचे. पुढे वर्ग गावोगाव निघाले आणि देखरेखीसाठी मला पर्यवेक्षक म्हणून घेतलं. बारामती आणि इंदापूर असे दोन तालुके, आधी सायकल, नंतर मोपेड. वर्गाला जागा मिळवायची, गावातलाच कुणीतरी शिकवायला तयार करायचा, पाट्या-खडू पोचवायचे, हजेरीपट तपासायचा आणि शेवटी परीक्षा घेऊन ‘वर्ग पूर्ण’ असा अहवाल द्यायचा, हे माझं काम.

प्रौढांचं पुस्तक मुलांच्या अंकलिपीसारखं नसतं. नातवंडं असलेल्या माणसाला ‘ग गणपतीचा’ म्हणायला लावलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून पहिल्या धड्यापासून रोजचे शब्द यायचे, काम, घर, नळ, पाणी, आणि त्यांतून एकेक अक्षर सुटं करायचं. चोवीस धड्यांत सगळी अक्षरं संपत. जोडाक्षरं अगदी शेवटी. दर पानाच्या तळाशी ठिपक्यांनी काढलेली अक्षरं असत आणि त्यांच्या डोक्यावर सूचना असे, ‘गिरवा’.

माणसं आपापल्या कारणाने यायची. कऱ्हाटीचे एक तात्या फक्त एसटीची पाटी वाचायला शिकायला आले होते. ‘बारामती’ वाचता आलं त्या दिवशी त्यांनी वर्ग सोडला. “मला दुसरीकडं जायचंच न्हाय,” म्हणाले. नंतर कळलं की ते सही म्हणूनही ‘बारामती’च लिहीत, कारण हात तेवढ्याच शब्दावर बसला होता. सोमेश्वरनगरला ऊसतोडीच्या तळावर बायकांनी अक्षरांना आपली नावं दिली होती. ‘र’ म्हणजे कोयता, ‘ळ’ म्हणजे बैलाचे डोळे. हंगाम संपून तळ उठला. पुढच्या हंगामाआधी मी तिथे गेलो, तर पाण्याच्या टाकीवर काजळीने नावं लिहिलेली दिसली, एकाखाली एक, हजेरीपटासारखी. मी मोठ्या कौतुकाने ती वहीत उतरवून घेतली. हंगाम सुरू झाला तेव्हा त्या यादीतलं एकही माणूस आलं नाही. का, ते मुकादमालाही सांगता येईना. असल्या गोष्टी अहवालात जात नाहीत. सुभद्राबाईंची गोष्टही गेली नाही.

पळसदेवच्या बाजूला उजनीच्या फुगवट्याकाठी एक वस्ती आहे. नाव देत नाही. धरण झालं तेव्हा यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर माळावर आली. पाणी फारच उतरलं तर जुनं देऊळ वर येतं, आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात देवळाखालचा घाटही. या वस्तीवर दुपारचा महिला वर्ग होता. शिकवणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि दुसरं कुणी मिळेना, म्हणून आठवड्यातून दोनदा मीच जायचो. बारा बायका, बहुतेक भाजीच्या मळ्यात राबणाऱ्या. त्यांत पन्नाशीच्या आतल्या सुभद्राबाई, वांग्याच्या काट्यांनी बोटं काळी पडलेली, वर्गात सगळ्यांत आधी येऊन बसणाऱ्या.

त्यांचं कारण मी कधी ऐकलं नव्हतं असं होतं. त्यांचे वडील, आबा, पाथरवट होते. त्या घरात अक्षरओळख फक्त आबांना. गाव उठायच्या आधी त्यांनी घाटाच्या एका पायरीच्या उभ्या अंगावर काहीतरी कोरलं, लेकीला तिथे नेलं आणि सांगितलं की हे तुझ्यासाठी आहे, शिकलीस की वाच, तोवर कुणाकडून वाचून घेऊ नको. पुढच्या वर्षी आबा गेले. पायरी पाण्यात गेली.

“शिकवणाऱ्यानं वाचलेलं चालंल का, ते इचाराय पाहिजे हुतं,” त्या मला एकदा म्हणाल्या. “पर तवा म्हाईत न्हवतं, कुणी शिकवाय येईल म्हून.”

नऊ धडे झाले आणि मंडळाचे कार्यवाह अण्णा यांनी मला बोलावलं. इतर ठिकाणचे वर्ग रखडले होते, मंडळाची मान्यता अडकणार होती, महिनाअखेर काही वर्ग ‘पूर्ण’ दिसायला हवे होते. मी म्हणालो, चोवीसपैकी नऊच धडे झालेत. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बायका हुशार आहेत असं तुम्हीच सांगता ना.”

परीक्षेच्या दिवशी बाराही जणी आल्या. सुभद्राबाई थंडी वाजून ताप आलेल्या अंगाने, गोधडी पांघरून आल्या. नाव आणि पहिले चार प्रश्न त्यांनी लिहिले, मग पेपरवर डोकं टेकून तिथेच झोपल्या. शेवटचा प्रश्न होता, ‘नातेवाइकास पत्र लिहा’. बाकीच्या बायकाही तिथवर पोचल्या नव्हत्या. मी सगळ्यांना घरी पाठवलं, शाळेच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि भर दुपारी बसून बारा पेपर पुरे केले. अक्षरं वेगवेगळी दिसायला हवीत म्हणून काही उजव्या हाताने तिरपी काढली, काही सरळ, काही डाव्या हाताने. सुभद्राबाईंचा पेपर शेवटी आला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. डावा हात एव्हाना सरावला होता. तो शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढायचा आणि ‘ल’चा पाय उलटा वळवायचा. मी फार विचार केला नाही. लिहिलं:

‘प्रिय आबा, मी लिहायला शिकले. पाणी उतरले की घाटावर येते. वाट पाहा. तुमची सुभी.’

नऊ धडे झालेल्या बाईने ‘प्रिय’ कसं लिहिलं, हे तपासणाऱ्यांपैकी कुणीही विचारलं नाही. उलट ते पत्र अण्णांना इतकं आवडलं की त्यांनी त्याचा मोठा फोटो करून घेतला. प्रमाणपत्रं वाटायला बारामतीत समारंभ ठेवला, बायकांना टेंपोतून आणलं, आणि पाहुण्यांनी लाउडस्पीकरवर पत्र वाचून दाखवलं. लोकांनी डोळे पुसले. सुभद्राबाई पहिल्या रांगेत, पदर डोक्यावरून, काही हालचाल न करता बसल्या होत्या. समारंभानंतर त्या मंडपाच्या कनातीपाशी मला गाठायला आल्या.

“गुरुजी, हे मी कवा लिवलं?”

अण्णा चार पावलांवर उभे होते. मी म्हणालो, “परीक्षेत, बाई. तुम्हाला ताप होता, आठवत नसेल.”

त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. “सुभी मला फकस्त आबा म्हनायचं. पेपरात मी सुभद्रा लिवती.” मग हळूच म्हणाल्या, “म्हंजी आबांनी हात धरला असंल.”

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही इथे लिहून ठेवतो, कारण दोन्ही इतिहासांत ते नाही.

वर्ग ‘पूर्ण’ झाला म्हणून पाट्या दुसऱ्या गावाला गेल्या. पाचसहा महिन्यांनी इंदापूरहून परतताना मी सहज त्या वस्तीकडे वळलो. मंगळवार होता. सुभद्राबाईंच्या पडवीत बायका दाटीने बसल्या होत्या, दोघीचौघी उभ्या होत्या. मला वाटलं, कुणी आजारी आहे. एका बाईने बाजूला सरत मला सांगितलं की सुभद्राच्या अंगात आबा येतात आणि लिहून देतात. हरवलेलं जनावर, अडलेलं लग्न, काहीही विचारा.

मी मागे खांबाशी उभा राहिलो. सुभद्राबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर पाटी. वर्गात मी त्यांना उजव्या हाताशिवाय कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. आता पेन्सिल डाव्या हातात होती. हात पाटीच्या उजव्या कडेला गेला, तिथून डावीकडे एक सरळ रेघ ओढली, आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लटकू लागली. ‘ल’चा पाय उलटा. ते माझं अक्षर होतं. त्या शाळेच्या खोलीत त्या दुपारी माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि लिहिलेल्या कागदावरून अक्षर दिसतं, रेघ कुठल्या टोकाकडून ओढली ते दिसत नाही.

पाटीवर आलं, ‘वाट पाहा’. गुरं हरवलेल्या बाईने ते वाचून घेतलं आणि समाधानाने उठली. पुढच्या बाईलाही तेच आलं. तिसरीला ‘पाणी उतरले’. हळूहळू माझ्या लक्षात आलं की पाटीवर येतात ते शब्द पत्रातलेच, त्याबाहेरचा एकही नाही. समारंभात सगळ्यांना त्या फोटोच्या लहान प्रती वाटल्या होत्या. घरी बसून त्यांनी ते आकार पुन्हापुन्हा काढले असणार. मी स्वतःला हे समजावत होतो, तोच त्यांनी पाटी पुसली. डोळे मिटलेलेच. मी आल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने सावकाश, दाबून एक शब्द लिहिला आणि पाटी माझ्या दिशेने वळवून धरली.

‘गिरव’.

हा शब्द पत्रात नव्हता. पुस्तकातला ‘गिरवा’ असेल, शेवटचा काना राहिला असेल, असं मी ठरवलं आणि मोपेडकडे चालू लागलो. निघताना एका बाईला विचारलं, बाई अजून पुस्तक उघडतात का? ती हसली. “आता काय करायचंय? आबाच लिवत्यात की.”

माझं सगळं आयुष्य मोठ्या माणसांना शिकवण्यात गेलं. पण जी बाई सगळ्यांत जास्त शिकायला निघाली होती, तिचं शिकणं मी थांबवलं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. परत फिरून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं मी बोललो नाही.

त्यानंतर काही वर्षांनी उन्हाळा कडक झाला आणि पाणी फार खाली गेलं. एके दिवशी सकाळी मंडळाच्या ओसरीवर त्यांचा आवाज ऐकू आला. मी आत होतो. उठून सामानाच्या खोलीत गेलो आणि आमच्या शिपायाला, गेनबाला, हाताने खूण केली. तो बाहेर जाऊन म्हणाला, “गुरुजी दौऱ्यावर आहेत.”

“दगड उघडा पडलाय,” त्या गेनबाला सांगत होत्या. “आबा आता हात धरत न्हायत. दगडाम्होरं बसली, तरी न्हाय. चारच दिस हायत, मग पाणी चढंल. शिकवणाऱ्यानं वाचलेलं आबांना चालंल, असं मला वाटतंय. तेवढं वाचाय या म्हनावं.”

त्या खोलीत प्रदर्शनाची चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असत. खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून जो उजेड यायचा तो नेमका एका चौकटीवर पडला होता, आणि चौकटीत ते पत्र होतं. ‘वाट पाहा’ माझ्या डोळ्यांसमोर, हातभर मोठ्या अक्षरांत. सुभद्राबाई दुपारच्या एसटीपर्यंत ओसरीवरच्या बाकावर बसून होत्या. मीही तितका वेळ आत उभा होतो. त्या गेल्यावर गेनबाने दार उघडलं आणि एवढंच म्हणाला, “पानी बी न्हाय पेली बाई.”

दगड वाचायला गेलो असतो तर त्यांना वाचता येत नाही हे उघड झालं असतं, मग पेपर निघाला असता, मग मी. आठवड्याभरात वर पाऊस झाला आणि घाट बुडाला. पत्राची चौकट पुढची कित्येक वर्षं प्रत्येक कार्यक्रमात लागली. निवृत्तीच्या दिवशी माझा सत्कारही तिच्याखालीच झाला.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा पाणी फार उतरल्याचं कळलं आणि मी एकटाच एसटीने गेलो. देवळाकडे जायला भेगाळलेल्या गाळातून चालावं लागतं. पायाखाली जुन्या घरांची जोती लागतात, मध्येच एखादा उंबरा, त्याला दार नाही की भिंत नाही. भर दुपार होती आणि इतक्या मोठ्या मोकळ्या जागेत कसलाच आवाज नव्हता. काठाला जाळं सोडवत बसलेल्या एका वयस्क मच्छीमाराने मला हटकलं.

“कुठं, आबा?”

त्या तोंडून तो शब्द ऐकून मी थबकलो. मग पायरीबद्दल विचारलं. त्याने बोटाने दाखवली. “सुभद्राआत्त्याचा दगड. दर खेपंला पाणी उतारलं की यायची. बसायची आन नुसतं बोट फिरवायची. यंदा न्हाय आली, पाय गेलं तिचं.”

मी विचारलं, कुठलं बोट?

“डावं. तिचा बा डावरा हुता, त्यानंच तिचं बोट धरून शिकिवलं म्हनं. बाकी समद्याला उजवा हात.”

पायरीपाशी मी गुडघे टेकले. सगळीकडे वाळलेला गाळ आणि शेवाळ्याचा पांढरा थर होता, पण उभ्या अंगावर हातभर जागा स्वच्छ होती. अक्षरं खोल कोरलेली, बोट बसेल एवढी रुंद, आणि आतून झिजून गुळगुळीत झालेली. शिरोरेघ उजव्या टोकाला खोल होती आणि डावीकडे उथळ होत गेली होती. छिन्नी कुठून सुरू झाली ते दगडावर मात्र कळतं. दोनच शब्द होते.

‘सुभी, गिरव’.

काना राहिला नव्हता. पुस्तकातलं ‘गिरवा’ आम्ही सगळ्या बायकांना आदराने म्हणायचो. एकटीला ‘गिरव’ म्हणणारं एकच माणूस होतं. आणि स, भ, ग, र, व ही सगळी अक्षरं पहिल्या नऊ धड्यांत येऊन गेली होती. त्या बाईला हे वाचता येत होतं. डोळे उघडून, आपलं आपण वाचायचं, एवढाच धीर हवा होता, आणि तो मी काढून घेतला होता. मी माझं डावं बोट त्या खाचेत ठेवलं. ते कुठेही न अडता शेवटपर्यंत गेलं. पत्र लिहिलं त्या दुपारी हात जसा गेला होता तसंच. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही.

तिथून वस्ती दिसत होती. सरळ जायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं की तोंडाने नीट बोलता येणार नाही, लिहूनच न्यावं, आणि त्यांना स्वतःला वाचता येईल असं लिहावं. म्हणजे नऊ धड्यांतल्या अक्षरांत. घरी येऊन जुनं पुस्तक काढलं. ‘माफी’ लिहिता येईना, कारण ‘फ’ सतराव्या धड्यात आहे. ‘क्षमा’ जोडाक्षरामुळे गेला. ‘खोटं’ही लिहिता येईना, कारण ‘ख’ अकराव्यात. ‘तुम्हाला’त जोडाक्षर, ‘तेव्हा’त जोडाक्षर, मग त्यांच्याच बोलीतलं ‘तुमाला’ आणि ‘तवा’ घेतलं. पाच ओळींना मला आठ दिवस लागले. सगळेच काही अक्षरांपायी गेले नाहीत.

नवव्या दिवशी पोचलो तर पडवीत सतरंजी अंथरलेली होती आणि माणसं बसून होती. त्या परवा गेल्या होत्या. सून पाणी घेऊन आली. मी कोण ते सांगितलं, तशी तिने मला नीट निरखून पाहिलं.

“तुमीच व्हय ते गुरुजी? आत्या लई नाव काढायच्या. आमी म्हनायचो, एवढं हुतं तर आलं का न्हाईत कवा. तर म्हनायच्या, त्येंचा दोष न्हाय, ते दौऱ्यावर हायत.”

मी पाणी प्यायलो आणि उठलो. कागद खिशातच राहिला. तो असा:

बाई,
ते पान मी लिहिले. हात माझा होता. डावा.
दगडावर आबा लिहून गेले, सुभी गिरव. हे तुमाला वाचता येत होते.
तुमी बारामतीला आलात तवा मी आत होतो.
मी चुकलो.